घरापुरत्या अंड्यांसाठी कोंबड्यांची जात निवडताना : वर्षभराच्या नोंदी

घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या ठरल्या आणि "पण जात कोणती घ्यायची?" इथेच गाडी अडली, अशांसाठी या नोंदी माझ्या वहीतून उतरवल्या आहेत. खुराडं कसं बांधायचं हे इथे फारसं नाही, निवडीबद्दल आहे. काही ठिकाणी मागाहून घडलेलं आणि कळलेलंही त्याच नोंदीत जोडलंय.

३ ऑक्टोबर

घरात रोज पाच अंडी लागतात, हिशोब तिथून सुरू केला. एक अंडं तयार व्हायला कोंबडीला २४ ते २६ तास लागतात. त्यामुळे अंडं रोज थोडं उशिरा येतं आणि मधेच एखाद्या दिवसाचा खाडा पडतो. पहिल्या वर्षी चांगली कोंबडी दहा दिवसांत सात-आठ अंडी देते असं धरलं तर पाच अंड्यांना सात कोंबड्या पुरतात. हाताशी जास्त असाव्यात म्हणून मी दहा ठरवल्या. काही पिल्लं दगावतील, काही नर निघतील, हे धरून पिल्लं सोळा मागवली.

जाती निवडल्या त्या वर्षाला किती अंडी आणि दिसायला कशी, या दोनच गोष्टी बघून.

व्हाइट लेगहॉर्न ३, कारण वर्षाला २८० च्या आसपास अंडी. ऱ्होड आयलंड रेड २, कारण जो तो हीच सांगतो. ऑस्ट्रलॉर्प ३, कारण १९२२-२३ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत मिळून १८५७ अंडी दिली होती, म्हणजे कोंबडीमागे ३०९.५. बार्ड प्लिमथ रॉक ३, त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसाठी. बफ ऑर्पिंग्टन ३, सोनेरी रंगासाठी. आणि सिल्की २, कारण मुलीने त्यांचा फोटो पाहिला होता.

(मागाहून : ते ३०९.५ वेचून काढलेल्या कोंबड्यांचे आणि चाचणीच्या व्यवस्थेतले आकडे आहेत. घरच्या खुराड्यात त्यातून साठ-सत्तर सरळ वजा करून चालायचं. आणि सहा जाती घेणं ही या वर्षातली सगळ्यात महाग चूक. पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच आल्या.)

११ ऑक्टोबर

एक दिवसाची पिल्लं आली. लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड यांची मादी पिल्लं वेगळी काढून मिळाली. बाकीच्या चार जातींत नर-मादी सरमिसळ. मादी पिल्लं महाग होती म्हणून सगळीकडे तसं मागितलं नाही.

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या बल्बच्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. मी बल्ब फार खाली टांगला होता. पिल्लं कडेला पळून चोची उघड्या ठेवून बसली. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर धरला तर ४१ दाखवत होता, तोवर तो मी वर भिंतीला लावून ठेवला होता. बल्ब वितभर वर घेतला, पंधरा मिनिटांत पिल्लं सगळीकडे पसरली. मॅरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशीच टोचून आली होती. मानमोडीची, डोळ्यात थेंब टाकायची, सातव्या दिवशी दिली.

१४ ऑक्टोबर

एक सिल्की गेली. काल संध्याकाळपासून कोपऱ्यात पंख पाडून उभी होती. उचलून बघितलं तर विष्ठा वाळून मागची जागा पूर्ण बंद झालेली. कोमट पाण्यात कापूस भिजवून दहा मिनिटं धरला तेव्हा ते निघालं, पण अंगात त्राण उरलं नव्हतं. रात्री बाकीची पिल्लं अंगावर चढली असावीत, सकाळी ती सगळ्यात खाली होती.

सिल्कीचं पिल्लू ऑस्ट्रलॉर्पच्या पिल्लाशेजारी ठेवलं की फरक नजरेत भरतो. भारी जातीची पिल्लं खाण्यावर तुटून पडतात, हे बिचारं मागे राहतं. मधे पुठ्ठा घालून उरलेल्या सिल्कीला एका शांत ऑर्पिंग्टनसोबत वेगळं केलं. रोज सकाळी सगळ्यांची मागची बाजू तपासायला लागलो. सोळा पिल्लांना पाच मिनिटं लागतात.

१ नोव्हेंबर

तीन आठवडे झाले. लेगहॉर्नचे पंख भरून आलेत, दोनदा ब्रूडरच्या काठावर चढून बसल्या. ऑर्पिंग्टनची पाठ अजून उघडी. याचा त्रास असा की एकच उष्णता सगळ्यांना जमत नाही. बल्ब वर घेतला की ऑर्पिंग्टन कुडकुडत एकमेकांना चिकटतात, खाली घेतला की लेगहॉर्न धापा टाकतात. शेवटी बल्ब एका टोकाला नेला, दुसरं टोक थंड ठेवलं, ज्याला जिथे बरं वाटेल तिथे बसू दे. तसं पाहता पहिल्या दिवसापासून तसंच करायला हवं होतं.

प्लिमथ रॉकच्या तीन पिल्लांपैकी दोघांच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका मोठा आणि पसरट होता, पिसंही फिकट. तिसऱ्याचा ठिपका लहान, आखीव, पाय काळपट. मी याची नोंद केली, अर्थ मात्र तेव्हा लावला नाही.

१७ नोव्हेंबर

रक्ती हगवण. दोन दिवसांत दोन पिल्लं गेली, एक लेगहॉर्न आणि एक ऑर्पिंग्टन. आधी पिसं फुगवून गप्प बसली, मग गादीवर (खाली पसरलेल्या तुसावर) लाल विष्ठा दिसली. पशुवैद्यांनी विष्ठा तपासून कॉक्सिडिओसिस सांगितला आणि पाण्यातून अँप्रोलियम हे औषध दिलं. पाच दिवस तेच पाणी, दुसरं नाही. बाकीची वाचली.

कारण माझंच. पाण्याचं भांडं जमिनीवर होतं, पिल्लं त्यात पाय घालायची, आजूबाजूची गादी कायम ओली. ओल्या उबदार गादीत हा रोग फोफावतो. सगळं तूस काढून कोरडा भुसा टाकला, भांडं विटेवर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणलं. हे काम अर्ध्या तासाचं होतं आणि मी ते तीन आठवडे पुढे ढकललं होतं.

आता तेरा.

१३ डिसेंबर

नऊ आठवडे पूर्ण, मोठ्या खुराड्यात हलवल्या. आत कोंबडीमागे चार चौरस फूट, बाहेर जाळीच्या आवारात दहा. बसायच्या दांड्या अंड्याच्या पेट्यांपेक्षा वर, कारण कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. पेटी वर असली तर तिथे झोपते आणि पेटी घाण करते.

पहिल्याच संध्याकाळी दोन्ही लेगहॉर्न पाच फुटी जाळीवरून बाहेर. पकडायला पाऊण तास गेला. एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापली की उडताना तोल जातो. तसं केलं, आठवडाभर ठीक होतं, मग त्या आधी पेटीच्या छपरावर आणि तिथून जाळीवर चढायला शिकल्या. जाळीवर झाकण घालावं लागलं. त्या झाकणाला जेवढी जाळी लागली तेवढीच आधीच्या सगळ्या आवाराला लागली होती.

सिल्कीला उडताच येत नाही. ती दांडीवर चढत नाही, खाली कोपऱ्यात झोपते, आणि वरच्यांची विष्ठा तिच्या अंगावर पडते. तिच्यासाठी जमिनीपासून वितभर उंचीवर वेगळी फळी लावली. म्हणजे एकाच खुराड्यात एका जातीसाठी वर झाकण आणि दुसरीसाठी खाली फळी.

६ जानेवारी

ते मोठ्या ठिपक्याचे दोन्ही प्लिमथ रॉक आज आरवले. आवाज अजून फुटका आहे, पण शंका उरली नाही. ऑस्ट्रलॉर्पमधल्या एकाचाही तुरा लालभडक झालाय. त्याच्या मानेची आणि कमरेची पिसं बघितली : नराची पिसं टोकाला निमुळती आणि चकचकीत, मादीची गोल. म्हणजे सरमिसळीतल्या नऊपैकी तीन नर. माझं नशीब, निम्मे निघू शकले असते.

प्लिमथ रॉकचं आता नीट समजून घेतलं. पट्ट्यांचा जनुक लिंगाशी जोडलेला असतो. नराकडे त्याच्या दोन प्रती, मादीकडे एकच. म्हणून नराचा डोक्यावरचा ठिपका मोठा आणि अंग फिकट. पहिल्या दिवशी माहीत असतं तर बऱ्याच अंशी तेव्हाच ओळखता आलं असतं. त्याऐवजी दोन नरांनी बारा आठवडे खाद्य खाल्लं.

अंड्यांसाठी नराची गरज नसते, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते. दहा माद्यांमागे तीन नर राहिले तर माद्यांच्या पाठीची पिसं जातात. दोन्ही प्लिमथ रॉक मोठं आवार असलेल्या एका ओळखीच्यांकडे दिले. ऑस्ट्रलॉर्पचा नर ठेवला. हातात घेतला की गप्प राहतो आणि दाणा सापडला की आधी माद्यांना बोलावतो. हा निर्णय मी स्वभावावर घेतला, आणि आजवरच्या निर्णयांतला हा पहिला नीट विचार करून घेतलेला.

आता माद्या दहा : लेगहॉर्न २, ऱ्होड आयलंड रेड २, ऑस्ट्रलॉर्प २, प्लिमथ रॉक १, ऑर्पिंग्टन २, सिल्की १.

२१ फेब्रुवारी

पहिलं अंडं! लेगहॉर्नचं, पांढरं, ४२ ग्रॅम. एकोणीस आठवडे. पेटीत नाही, आवाराच्या कडेला गवतात. हातात घेतलं तेव्हा अजून उबदार होतं, एका टोकाला बारीकशी रक्ताची रेघ. पहिल्या अंड्यांवर ती कधीकधी येते, घाबरायचं कारण नाही. पेट्यांत लाकडी अंडी ठेवली, चार दिवसांनी दोघी पेटीत घालायला लागल्या.

यात एक पेच निघाला आणि तो जाती निवडतानाच दिसायला हवा होता. लेगहॉर्नला आता अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य हवं, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. ऑर्पिंग्टन अजून दोन महिने अंड्यावर येणार नाही. वाढत्या तलंगेला (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला) इतकं कॅल्शियम महिनोन् महिने दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. खाद्याचं भांडं एकच. मी आधी दोन भांडी ठेवून बघितली, सगळ्यांनी दोन्हींतलं खाल्लं.

तोडगा : सगळ्यांना वाढीचं खाद्य चालू ठेवलं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. अंड्यावर आलेली कोंबडी तो स्वतःहून खाते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत. लेगहॉर्नना मी वाटीपाशी सात-आठ मिनिटं टोची मारताना पाहिलं, ऑर्पिंग्टन शेजारून निघून गेल्या.

२८ मार्च

अंड्यावर येण्याचा क्रम : ऱ्होड आयलंड रेड २२ आठवडे, ऑस्ट्रलॉर्प २३, प्लिमथ रॉक २४. आधी तुरा लाल होतो, मग पाठीवर हात ठेवला की कोंबडी पंख थोडे उघडून खाली बसते. बसायला लागली की आठवडा-दोन आठवड्यांत अंडं.

कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग बराच सांगता येतो. लेगहॉर्नची पाळी पांढरी, अंडं पांढरं. बाकीच्यांची लाल, अंडं तपकिरी. सिल्कीला हा नियम लागू नाही, तिची पाळी निळसर आणि अंडं मळकट पांढरं. तपकिरी रंग कवच तयार होताना शेवटी शेवटी चढतो. तपकिरी अंडं फोडून कवच आतून बघितलं तर पांढरंच. घरी सगळ्यांना तपकिरी अंडं जास्त पौष्टिक वाटत होतं. तसं काही नाही, अंड्याचा कस खाद्यावर ठरतो.

१९ एप्रिल

ऑर्पिंग्टनचं पहिलं अंडं, २७ आठवडे. लेगहॉर्ननंतर आठ आठवडे तिने नुसतं खाल्लं. आता फक्त सिल्की राहिली, बाकीच्यांना अंड्यावरचं खाद्य सुरू केलं आणि सिल्कीला वेगळं खायला घालतोय.

९ मे

आज दुपारी एक ऑर्पिंग्टन गेली. सावलीत ४२ अंश होतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते, उष्णता घालवायचे तिचे तेवढेच मार्ग. सकाळी अकरालाच ती पंख धरून उभी होती. मी पाणी बदललं, सावलीत नेली आणि कामाला गेलो. तीन वाजता आलो तेव्हा धुळीच्या खड्ड्यात एका कुशीवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, मान जमिनीला टेकलेली. पाय थंड पाण्यात धरले, तुरा ओला केला. वीस मिनिटांत संपलं सगळं. तिची पिसं बाजूला करून कातडीला हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. एवढ्या दाट पिसांखाली वारा पोचतच नाही.

ऑर्पिंग्टन ही विल्यम कुक यांनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात १८८६ साली काढलेली जात. थंडीतही अंडी देणारी कोंबडी म्हणून ती नावाजली गेली. हे मी ऑक्टोबरमध्ये वाचलं होतं. वाचलं, आणि सोनेरी रंग बघून घेतली. याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच आवारात त्याच वेळी लेगहॉर्न माती उकरत फिरत होत्या. अंग हलकं, पिसं अंगाला चिकटून, आणि तुरा एवढा मोठा की एका बाजूला कलतो. त्या तुऱ्यातून वाहताना रक्त थंड होतं. ऱ्होड आयलंड रेड धापा टाकत होत्या पण खात होत्या. ऑस्ट्रलॉर्प काळ्या असल्याने उन्हात त्यांना नक्की त्रास होतो. सावली मिळाली की सावरतात.

आजपासून : खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावरच, दुपारी भांडं रिकामं. जुनी गोणपाटं ओली करून जाळीवर टाकली. पाण्याची भांडी दोनाची चार. सावलीतली वाळू दुपारी भिजवायची, कोंबड्या त्यातच बसतात.

गेल्या आठवड्यात कवचं पातळ येत होती, त्याचंही कारण हेच. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. मी नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवत बसलो होतो.

११ जून

सिल्की खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला पेटीत बसून राहिलेली. आठवड्यापूर्वी उरलेली ऑर्पिंग्टनही. मिळून चारपैकी दोन पेट्या अडल्या. बाकीच्या त्यांच्या अंगावर चढून अंडी घालतात, अंडी फुटतात, आणि एकदा फुटलेलं अंडं चाखलं की कोंबडीला सवय लागते. हात घातला की सिल्की पिसं फुलवून घशातून घरघरते, उचलून बाहेर ठेवली की दोन मिनिटांत परत आत.

तीन दिवस नुसती उचलून बाहेर ठेवत राहिलो, उपयोग शून्य. मग तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवली, खालून वारा लागेल असा उंचावर, आत खाद्य-पाणी, बसायला गादी नाही. ऑर्पिंग्टन चार दिवसांत उतरली, सिल्कीला सात लागले. त्यानंतर अंडी सुरू व्हायला आणखी तीन आठवडे. ऑर्पिंग्टन आधी दहा दिवस बसलीच होती, म्हणजे तिचे पाच आठवडे गेले.

लेगहॉर्नचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत जवळजवळ गेलाय, ती खुडूक होत नाही. ज्याला फक्त अंडी हवीत त्याने जात निवडताना "खुडूक किती होते" हा प्रश्न वर्षाच्या आकड्याआधी विचारावा.

१२ जुलै

सिल्कीची पिसं लोकरीसारखी असतात, एकमेकांत गुंतून पाणी अडवणारी नसतात. पहिल्याच जोराच्या पावसात ती कातडीपर्यंत भिजली. टॉवेलने पुसून घरात ठेवली. डोक्यावरच्या झुपक्यामुळे तिला वरचं आणि बाजूचं नीट दिसत नाही, ऱ्होड आयलंड रेडमधली एक मागून येऊन तो झुपका उपटते. आज तिथे रक्त निघालं. कोंबड्यांना लाल ठिपका दिसला की सगळ्या तिथेच चोच मारतात, म्हणून सिल्कीला लगेच वेगळी केली, जखम भरेपर्यंत वेगळीच राहील.

ऱ्होड आयलंड रेडला मी दोष देत नाही. तिच्याच वजनाच्या ऑस्ट्रलॉर्पला ती टोचते तेव्हा ऑस्ट्रलॉर्प दोन पावलं सरकते आणि विषय संपतो. एक किलोची, नीट न दिसणारी कोंबडी तीन किलोच्या दांडगट कोंबड्यांत सोडली, ती मी.

१ सप्टेंबर

जून, जुलै, ऑगस्ट, एकूण ९२ दिवसांचा हिशोब. पांढरं अंडं लेगहॉर्नचं, लहान मळकट सिल्कीचं, फिकट गुलाबीसर ऑर्पिंग्टनचं. ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रलॉर्प आणि प्लिमथ रॉक यांची तपकिरी अंडी खात्रीने वेगळी करता आली नाहीत, म्हणून ती एकत्र.

लेगहॉर्न (२) : १५० अंडी, कोंबडीमागे ७५
तपकिरीवाल्या (५) : ३१२, कोंबडीमागे ६२
ऑर्पिंग्टन (१) : ३४
सिल्की (१) : २२, तीही साधारण ३५ ग्रॅमची

एकूण ५१८, म्हणजे दिवसाला साडेपाचच्या वर. घराला पुरली.

खाद्यही मोजलं. एक-एक आठवडा वेगळं ठेवून वजन केलं : लेगहॉर्न दिवसाला १०५ ग्रॅम, ऑर्पिंग्टन १४०. म्हणजे लेगहॉर्नचं एक अंडं पडलं सुमारे १३० ग्रॅम खाद्याला, ऑर्पिंग्टनचं ३८० ला. खुडूक असताना ती कमी खाते, तेवढं वजा केलं तरी ३०० च्या वरच.

कागदावर लेगहॉर्न सरळ जिंकते. तरी नवख्याला मी फक्त लेगहॉर्न घे म्हणणार नाही. वर बंद जाळी नसेल तर तिने माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढा बाकी सगळ्यांनी मिळून खाल्ला नाही. बादली आपटली तरी ती उडून भिंतीला धडकते. आजारी पडली तर तपासायला हातात येत नाही. जूनमध्ये एकीच्या तळपायाला गळू झालं होतं, ते मला आठ दिवस कळलं नाही. ऑस्ट्रलॉर्पचं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, ती रोज पायाशी येऊन उभी राहते. पहिल्या वर्षी कोंबडी हातात घेता येणं फार मोलाचं आहे. आजार ओळखायला आपण त्यावरच शिकतो.

८ सप्टेंबर

पुढे काय ठेवायचं, त्यावर आठवडाभर विचार केला.

इसा ब्राउनसारख्या संकरित कोंबड्यांचाही विचार केला. पिल्लं रंगावरूनच नर-मादी कळतात, स्वभाव शांत, वर्षाला ३०० च्या वर अंडी. ज्याला दोन वर्षं भरपूर अंडी हवीत आणि मग नव्या तलंगा आणायची तयारी आहे, त्याने बेलाशक घ्याव्यात. पण त्यांची पिल्लं आईसारखी निघत नाहीत आणि इतकी अंडी घालून पुढच्या वर्षांत अंडाशयाच्या तक्रारी जास्त येतात. मला कोंबड्या चार-पाच वर्षं ठेवायच्या आहेत.

ठरलं ते असं : इथून पुढे ऑस्ट्रलॉर्प आणि प्लिमथ रॉक, बस्स. वजन जवळपास सारखं, अंड्यावर यायचं वय एका आठवड्याच्या अंतराने, एकच खाद्य, एकच उंचीची दांडी, एकमेकींना सहन करतात. उन्हाळ्यात सावली दिली की तगतात. अंडी लेगहॉर्नपेक्षा कमी, पण आठ जणींत पाच अंडी आरामात. आधी माझा उन्हाळा, माझी जाळी, माझे दिवसाचे दोन तास हे लिहिलं, मग त्यात बसणाऱ्या जाती बघितल्या, आणि अंड्यांचा आकडा शेवटी. ऑक्टोबरमध्ये हे बरोबर उलट केलं होतं. आहेत त्या कोंबड्या मात्र इथेच राहतील.

आणि या दोन जातींत एक उपयोगाची गोष्ट आहे. पट्टे नसलेला नर आणि पट्टेवाली मादी यांच्या पिल्लांत पट्ट्यांचा जनुक आईकडून फक्त मुलग्यांना जातो. म्हणजे काळा ऑस्ट्रलॉर्प नर आणि बार्ड प्लिमथ रॉक मादी यांची नर पिल्लं डोक्यावर पांढरा ठिपका घेऊन येतात आणि मादी पिल्लांच्या डोक्यावर तो नसतो. नर माझ्याकडे आहे, मादी आहे, आणि सिल्की परत खुडूक व्हायच्या बेतात आहे.

२४ सप्टेंबर

प्लिमथ रॉक आणि नर दोन आठवडे वेगळ्या कप्प्यात ठेवले. शेवटच्या दहा दिवसांची सात अंडी जमवली, टोकदार बाजू खाली, थंड खोलीत, रोज कलती करून. अंडी धुतली नाहीत, धुतलं की कवचावरचा संरक्षक थर जातो. आज रात्री अंधारात सिल्कीखाली सरकवली. तिने एकेक चोचीने ओढून पोटाखाली घेतलं. सात अंड्यांवर तिचं अंग जेमतेम पुरतं.

२ ऑक्टोबर

आठव्या दिवशी टॉर्च लावून बघितली. सहांत शिरांचं जाळं स्पष्ट, मधे हलणारा काळा ठिपका. एक वांझ, काढून टाकलं. सिल्की दिवसातून एकदा पंधरा मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, परत बसते. वर्षभर तिच्यासाठी फळी लाव, वेगळं खायला घाल, टॉवेलने पूस, एवढं केलं. आता तिच्यासारखी बसणारी दुसरी कोणी नाही. तिला मारणारी ऱ्होड आयलंड रेड पलीकडच्या कप्प्यात, मधे बंद फळ्या.

१५ ऑक्टोबर

काल संध्याकाळी अंड्यांतून चिवचिव ऐकू येत होती. हात लावायचा मोह झाला, लावला नाही. सकाळी सिल्कीच्या छातीच्या पिसांतून एक काळं डोकं बाहेर. दुपारपर्यंत पाच पिल्लं. सहावं कवच फोडूनही बाहेर आलं नाही.

एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. दोघांच्या डोक्यावर पांढरा ठिपका, कापूस चिकटल्यासारखा. तिघांचं डोकं पूर्ण काळं. तीन माद्या, पहिल्या दिवशीच कळलं.

पाण्याचं भांडं विटेवर आहे. ठिपकेवाल्या दोघांसाठी ते मोठं आवार असलेले ओळखीचे आत्ताच हो म्हणालेत. काळ्या तिघींच्या पायात पिवळ्या कड्या घातल्या, त्या दर दोन आठवड्यांनी सैल कराव्या लागतील, नाहीतर पाय वाढताना कडी मांसात रुतते. पुढची तारीख वहीत लिहिली : २९ ऑक्टोबर.